वाड्यातल्या तसबिरी, हातची भांडी आणि दोन बेडरूमचं घर

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याकडचा वाडा विकला, वाटण्या झाल्या आणि पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बरंच सामान येऊन पडलं. रविवर्मा प्रेसचं सरस्वतीचं जुनं छापील चित्र, त्यावर हातानं केलेलं जर-टिकल्यांचं काम. ड्रॉइंग मास्तर असलेल्या आजेसासऱ्यांची जलरंगातली निसर्गचित्रं. आजेसासूबाईंनी रुखवतासाठी केलेले काचेच्या मण्यांचे राजहंस. चिनी मातीच्या लहानमोठ्या बरण्या. शिवाय प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी स्वतः हौसेनं जमवलेली हातघडणीची सिरॅमिकची भांडी आहेतच. घर संग्रहालयासारखं वाटू नये आणि दुकानासारखंही वाटू नये, तर हे सगळं मांडायचं कसं? आणि न्यू जर्सीतल्या दिरांना सरस्वती हवी आहे, ती पाठवता येईल का?

जुन्या घरांतून नव्या घरांत आलेल्या वस्तू मांडून देणं हेच माझं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीच भेटतो. बहुतेक जण सुरुवात सजावटीपासून करतात: कुठला रंग कशाशी जुळतो, कुठल्या भिंतीवर काय शोभेल. मी सुरुवात उजेडापासून करते. तुमच्याकडच्या वस्तूंचे सरळ दोन गट पडतात. कागद, कापड, जर, जलरंग हे उजेडानं झिजणारं सामान. भट्टीतून निघालेली माती ही उजेडाला न भिणारी. भांड्यावरच्या चकचकीत थरातला, म्हणजे झिलईतला रंग हजार-बाराशे अंशांवर काचेसारखा वितळून भांड्याच्या अंगात बसलेला असतो, त्याला पुण्याचं ऊन काहीही करत नाही. म्हणून माझा नियम एकच आहे: उन्हाची जागा मातीला, सावलीची जागा कागदाला. हा एक नियम पाळलात तर अर्ध्या घराची मांडणी आपोआप ठरते.

तेव्हा खिळा ठोकण्याआधी एक रविवार घर नुसतं बघा. सकाळी, दुपारी आणि पाचच्या सुमाराला कुठल्या भिंतीवर ऊन येतं ते खडूनं किंवा मास्किंग टेपनं खुणा करून ठेवा. मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप मिळतं. ते अगदी काटेकोर नसतं, पण अंदाज देतं. जलरंग, छापील कागद आणि कापड यांच्यासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, तैलरंगांना दीडशे-दोनशेपर्यंत चालतं. तुमच्या बाल्कनीच्या दाराशेजारी भर दुपारी हा आकडा हजारांत जाईल. घरात राहायचं म्हटल्यावर ५० लक्स पाळणं अवघड आहे, पण निदान थेट ऊन आणि बाल्कनीसमोरची भिंत कागदासाठी वर्ज्य धरा. उजेडाचं नुकसान साठत जातं आणि उडालेला रंग कुठल्याही उपायानं परत येत नाही.

दुसरी गोष्ट ओल. घराची जी भिंत बाहेरून पावसाचा मारा खाते, म्हणजे आपल्याकडे बहुधा पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची, तिच्यावर कागदाचं काहीही लावू नका. जुलैत हाताचा तळवा भिंतीला लावला की कळतं. बाथरूमच्या पाठीमागची भिंतही तशीच. आतल्या खोल्यांमधली, दोन्ही बाजूंनी घरच असलेली भिंत ही वारशाच्या चित्रांची खरी जागा. तिथेही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून रबराची किंवा बुचाची छोटी बटणं चिकटवा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात बोटभर हवा खेळती राहते. दहा रुपयांच्या या बटणांनी जितकी चित्रं बुरशीपासून वाचली असतील तितकी महागड्या काचांनीही वाचली नसतील.

आता सरस्वतीकडे वळू, कारण तुमच्या सामानातली सगळ्यात नाजूक वस्तू तीच आहे. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला आणि त्याच्या हाताखाली तो अनेक वर्षं चालला. चित्रं दगडावरून छापली जात, एकेका रंगासाठी एकेक दगड. हा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. पण याच चित्रांच्या नकला आणि नव्या छपाया बाजारात इतक्या आहेत, की आपल्याकडची प्रत कुठली ते आधी बघायला हवं. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं. सरस्वतीच्या गालावर ते धरा. दगडावरची छपाई असेल तर रंगाचे ठिपके वेडेवाकडे, बारीक वाळू पसरल्यासारखे दिसतील, आणि गुलाबी ठिपक्यावर पिवळट ठिपका मनाला येईल तसा चढलेला असेल. ऑफसेटची अलीकडची छपाई असेल तर ठिपके रांगेत, एकसारख्या अंतरावर आणि फुलांच्या नक्षीसारखे बसलेले दिसतील. दुसरी खूण खालच्या पांढऱ्या पट्टीत असते. प्रेसचं नाव तिथे इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेलं असे. पुष्कळ घरांत फ्रेमवाल्यानं चित्र जुन्या चौकटीत बसवण्यासाठी तीच पट्टी कापून टाकलेली असते. पट्टी नसली म्हणजे चित्र खोटं, असं मात्र नाही.

तुमच्या चित्रावर जरीचं काम आहे, याचा मला फार आनंद झाला. त्या काळी घरातल्या बायका अशा चित्रांच्या साडीवर खरी जर, टिकल्या, मोती, कधी मखमलीचे तुकडे लावून ती सजवत. म्हणजे तुमच्याकडे छापखान्याची प्रत असली तरी तशी दुसरी कुठेच नाही. फ्रेम करायला देताना हीच गोष्ट आधी सांगा. जर काचेला टेकता कामा नये. चित्र आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी खोल पेटीसारखी चौकट सांगा, निदान पाऊण इंच खोलीची. जर काळी पडली असेल तर ती तशीच राहू द्या. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काही लावलंत तर जर उजळायच्या आधी कागद विरेल. आणि कागद काचेला चिकटलेला दिसला तर ओढून सोडवायच्या फंदात घरी पडू नका, फ्रेमवाल्यालाही ते करू देऊ नका. असं काम कागदाच्या संवर्धकाचंच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते.

फ्रेमवाल्याशी बोलणं हा या सगळ्यातला खरा कसोटीचा भाग आहे. तो माणूस कुशल असतो, पण त्याच्या हाताला सवय असते चित्र सरळ एमडीएफवर चिकटवून गुळगुळीत करून देण्याची. तसं करू नका म्हणून त्याला कागदावर लिहून द्या. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप नाही, चित्राच्या कडा कापायच्या नाहीत. मागे आणि पुढे आम्लविरहित माउंटबोर्ड, म्हणजे चित्रामागचा आणि भोवतीच्या चौकटीचा जाड पुठ्ठा. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या बिजागरीनं आणि गव्हाच्या खळीनं टांगायचं, म्हणजे हवामानाप्रमाणे कागदाला फुगायला-आकसायला जागा राहते. जुनी फ्रेम उघडाल तेव्हा मागे खोक्याची फळी आणि जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा निघेल. फळी टाकून द्या, कारण तिच्या आम्लानंच कागदावर तपकिरी पट्टे उमटतात. वर्तमानपत्र मात्र टाकू नका. त्यावरची तारीख चित्र कधी मढवलं ते सांगते. फ्रेमवाल्याच्या दुकानाचं जुनं लेबल असेल तर तेही पाकिटात घालून नव्या फ्रेमच्या मागे लावा. जुनी सागवानी चौकट शक्य तर तीच वापरा, आतून नवं अस्तर देता येतं.

आजेसासऱ्यांची जलरंगचित्रं ही वेगळी गोष्ट आहे. ड्रॉइंग मास्तरांची पिढी जलरंगात फार सुंदर काम करत असे आणि घरच्यांना बहुधा त्याची किंमत नसे. जलरंगात किरमिजी आणि गुलाबी छटा आधी उडतात. म्हणून जुन्या चित्रांतली संध्याकाळ पुष्कळदा करडी-निळी दिसते आणि आपल्याला वाटतं, आजोबांनी ढगाळ आभाळच रंगवलं होतं. एक चित्र जुन्या फ्रेममधून काढा आणि माउंटखाली झाकलेली कडेची पट्टी बघा. तिथे तुम्हाला मूळ रंग दिसेल. आकाशाच्या कडेला नखाएवढी गुलाबी रेघ, आणि तिच्या शेजारी उजेड खाल्लेला तोच रंग फिका, जवळजवळ राखाडी. ही रेघ एकदा बघितली की हॉलच्या खिडकीसमोर जलरंग लावायची इच्छा उरत नाही.

ही चित्रं सगळी एकदम लावायची नाहीत. दोन लावा, बाकीची विश्रांतीला ठेवा. आपल्याकडे घर वर्षातून दोनदा हमखास उलथंपालथं होतं, दिवाळीच्या आवराआवरीला आणि गुढीपाडव्याच्या आधी. त्याच वेळी चित्रं बदला. विश्रांतीची चित्रं मांजरपाटात किंवा आम्लविरहित कागदात गुंडाळून, आडवी, आतल्या कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवायची. बाथरूमवरच्या लॉफ्टवर नाही, पलंगाच्या पेटीत तर अजिबात नाही, तिथे हवा खेळत नाही आणि कसर लागते. कसरीला खळ आवडते, त्यामुळे ती नेमकी बिजागरीच आधी खाते. डांबरगोळ्या कागदाशेजारी ठेवू नका. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा कपाट अर्धा तास उघडं टाका, तेवढं पुरतं.

मण्यांच्या राजहंसांबद्दल लोक संकोचतात. ते जुनाट दिसतात, हॉलमध्ये कसे लावायचे, असं म्हणतात. मला ते फार प्रिय आहेत. काचेच्या नळ्या आणि मणी ही भट्टीतलीच काच आहे, तिचा रंग उडत नाही. कुजतो तो दोरा. दोरा पक्का असेल तर फ्रेमची काच पुसून, मागचा पुठ्ठा बदलून हे राजहंस सिरॅमिकच्या भांड्यांशेजारी लावा. काच आणि झिलई शेजारी आली की दोन्ही खुलतात. तुमच्या घरात आजेसासूबाईंचं हातकाम आणि तुमची आवड यांची खरी गाठ इथेच पडते.

आता भांडी. आधी बरण्या. आपल्या घरांतली पांढरी-तपकिरी दुरंगी बरणी बहुधा स्टोनवेअरची असते, म्हणजे बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली, दगडासारखी घट्ट. बोटाच्या टोकानं हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर बरणी धडधाकट आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग तो दिसो न दिसो. काही जुन्या बरण्यांच्या बाहेर, तळाशी किंवा तोंडाच्या काठावर पांढरी पूड येते. ती बुरशी नसते. वर्षानुवर्षांच्या लोणच्याचं मीठ झिलईच्या बारीक भेगांतून आत मुरलेलं असतं आणि हवेतल्या दमटपणानं बाहेर येऊन त्याचे स्फटिक होतात. नुसतं पुसलं तर आठवड्यानं परत येतं, आणि स्फटिक फुगताना झिलईचे पोपडे उडवतं. अशी बरणी साध्या स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायची, पाणी रोज बदलायचं, काही दिवस. मग आठवडाभर सावलीत वाळवायची. अशी मीठ मुरलेली बरणी नंतर फक्त शोभेला ठेवा. जिची आतली झिलई अखंड आहे तिच्यात मात्र लोणचं घाला, वर दादरा बांधा आणि तिला फडताळात न कोंबता स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दिसेल अशी ठेवा. वापरातली बरणी ही कुठल्याही शोपीसपेक्षा घराला जास्त शोभा देते, हे माझं ठाम मत आहे. तळाला भोक पाडून तिचा टेबललॅम्प करायची जी टूम आहे, तिच्या वाटेला कृपा करून जाऊ नका. ते भोक बुजत नाही.

तुमची स्वतःची भांडी कुठली कुठली आहेत ते लिहिलेलं नाही, म्हणून ढोबळ सांगते. पुद्दुचेरीला १९७१ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीच्या परंपरेतून शिकलेल्या कुंभारांचं काम आज सगळीकडे दिसतं, पुण्यातही. हे चढ्या आचेचं स्टोनवेअर. राखेच्या, लोहाच्या झिलया, खालच्या स्वरातले रंग. त्यात जेवा, चहा प्या, काही बिघडत नाही. जयपूरचं निळं काम दिसायला चिनी मातीसारखं असलं तरी त्यात माती जवळजवळ नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, डिंक असं मिश्रण कमी आचेवर भाजतात. त्यामुळे त्याच्या कडा पटकन उडतात, त्याला पाण्याच्या फुलदाणीचं काम देऊ नये. मणिपूरच्या लोंगपीची काळी भांडी चाकावर घडवत नाहीत, दगडाची पूड आणि माती मळून हातानं आणि साच्यावर घडवतात. ती चुलीवर चढतात. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचं लाल मातीचं काम, धारावीच्या कुंभारवाड्यातली मडकी, गावच्या कुंभाराचं बोळकं, ही सगळी सच्छिद्र. त्यांना पॉलिश, वॉर्निश, अ‍ॅक्रिलिक रंग फासू नका, त्यांचं अंग श्वास घेत राहू द्या. भडक लाल-पिवळ्या-नारिंगी झिलईचं, कुठून आलं माहीत नाही असं भांडं असेल तर त्यात दही, चिंच, लोणचं ठेवू नका. कमी आचेच्या अशा झिलयांत शिसं असू शकतं. ते बघायलाच ठेवा.

भांडं पाण्याला टिकतं का ते बघायची सोपी रीत: रात्री काठोकाठ पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर त्या भांड्याला लाकडी फर्निचरवर फुलांसाठी वापरू नका. आणि प्रत्येक हातघडणीचं भांडं उलटं करून त्याची बैठक चाचपा. तिथे झिलई नसते, कारण भट्टीत भांडं फळीला चिकटू नये म्हणून कुंभार ती पुसून टाकतो. त्या उघड्या कड्यावर मातीचा खरा रंग दिसतो, कधी चाकावरून दोऱ्यानं कापल्याची शंखासारखी नक्षी, कधी कुंभाराचं बोट उमटलेलं. तीच कड लाकडावर ओरखडे पाडते. बारीक पॉलिश पेपर ओला करून चार वेळा फिरवा, खाली फेल्टची गोल चकती लावा. उलटं करून बघितलेलं भांडं कुठल्या उंचीला ठेवायचं ते बरोबर कळतं. वाडग्याचं पोट आतून सुंदर असेल तर तो कमरेच्या उंचीला, वरून दिसेल असा. बाटलीचा खांदा सुंदर असेल तर ती डोळ्यांच्या पातळीला.

चित्र आणि भांडं एकत्र आणणं हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. लोक चित्रातला सगळ्यात उठून दिसणारा रंग पकडतात आणि त्याच रंगाचं भांडं खाली ठेवतात. मी उलट करते. चित्रातला सगळ्यात मंद रंग धरते. रविवर्मांच्या सरस्वतीत मोराचा निळा आणि कमळाचा गुलाबी लक्ष वेधतो, पण ती बसली आहे तो खडक करडा-तपकिरी आहे. तिच्याजवळ जयपूरचं निळं भांडं ठेवलंत तर मोर आणि भांडं यांची चढाओढ लागेल. राखेच्या झिलईचं, खडकाच्या रंगाचं एकच रुंद भांडं ठेवा, रिकामं. त्यामुळे चित्राचे रंग मोकळे होतात आणि भांडंही नीट दिसतं. निळं काम बाल्कनीच्या दाराजवळ न्या, जिथे ऊन त्याच्या झिलईवर खेळेल आणि शेजारी कुठलंही चित्र नसेल. आजोबांच्या जलरंगांखाली मात्र झिलईचं काहीच नको, तिथे लाल मातीचं, मॅट अंगाचं बोळकं बरं. चकाकी जलरंगाला मारते.

मराठी मुलखात चित्र आणि माती यांची ही जवळीक नवी नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम उभं केलं, आणि तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेल्या आकृती आणि सिंधी कुंभारकामाच्या वळणाची नक्षी आली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी बघायला मिळतात. जमलं तर जाऊन या. भांड्यांभोवती किती मोकळी जागा सोडली आहे ते खास बघा, कारण घरी आपण नेमकी तिथेच कंजुषी करतो.

वाड्यात तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून टांगलेल्या असत, ते तुम्हाला आठवत असेल. ते योग्यच होतं. माणसं खाली बैठकीवर बसत, मान वर करून बघत, आणि झुकलेल्या काचेवर धूळ कमी बसे. तुमच्या घरात सोफा आहे, छत दहा फुटांच्या आतलं आहे. तिथे चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५५ ते ५८ इंचांवर घ्या. सोफ्यावरचं चित्र असेल तर पाठीपासून सहा-आठ इंच वर, त्याहून उंच नको, नाहीतर ते तरंगतं. हॉलच्या एका भिंतीवर एकच मोठी गोष्ट. बाकीच्या लहान तसबिरी पॅसेजमध्ये, जिथे ऊन येत नाही आणि माणूस चालता चालता थांबून बघतो. पॅसेज ही आपल्या फ्लॅटमधली सगळ्यात दुर्लक्षित आणि कागदासाठी सगळ्यात चांगली भिंत आहे. सरस्वती देवघरात लावायची की हॉलमध्ये, हे तुमच्या घरानं ठरवावं. फक्त उदबत्ती आणि निरांजनाच्या धुरापासून चार हात लांब. काच पुसताना फवारा फडक्यावर मारा, काचेवर नको. काचेवरून ओघळ चौकटीच्या खाचेत जातो आणि चित्राचा खालचा काठ भिजवतो.

भिंतीचा रंग पांढराशुभ्र नको. जुना कागद पिवळसर झालेला असतो, शुभ्र भिंतीवर तो मळका दिसतो. कापसासारखा किंवा फिक्या राखेसारखा रंग घ्या. दिवे २७०० ते ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे एलईडी, रंग खरे दाखवणारे, म्हणजे ज्यांचा सीआरआय ९० च्या पुढे आहे असे. हॅलोजन नको, फ्रेमला चिमट्यानं लावायचे दिवेही नकोत.

फळ्यांबद्दल सुताराला सांगताना घाई करू नका. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात, त्यांत स्क्रूसाठी ठोकतात ती साधी गिट्टी धरत नाही, थोड्या दिवसांनी फळीसकट भांडी खाली येतात. त्या ठोकळ्यांसाठी वेगळे नायलॉनचे प्लग मिळतात, तेच आणायला लावा. इमारत मायवान पद्धतीची, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेली असेल तर भिंत सलग काँक्रीटची, तिथे हॅमर ड्रिल लागेल पण पकड उत्तम मिळेल. १८ एमएमच्या प्लायची फळी तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मधे आधार हवाच, बरण्यांच्या वजनानं ती वाकते. फळीच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची उभी पट्टी मारा. तुमचं सासर साताऱ्याकडचं, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात फडताळातून भांडी कशी कोसळली ते घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंच असेल. उंच आणि निमुळत्या भांड्यांच्या तळाशी भांडी धरून ठेवणाऱ्या मेणाचे तीन छोटे गोळे लावा, पण फक्त तळाला झिलई असेल तर. उघड्या मातीत त्या मेणाचा तेलकट डाग उतरतो. अशा भांड्यात मूठभर स्वच्छ, कोरडी वाळू पिशवीत भरून आत ठेवली तरी तोल खाली येतो.

काचेची जुनी शोकेस असेल तर ती काढून टाकू नका, एवढंच सांगते. तिच्यातला मागचा आरसा काढा, पाठ फिक्या रंगाची करा आणि निम्म्या वस्तू बाहेर काढा. धुळीपासून तिच्याइतकं संरक्षण दुसरं काही देत नाही.

राहिला दिरांचा प्रश्न. पुरातन वस्तू आणि कलासंपत्ती कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मांची मूळ चित्रं तर १९७९ पासून राष्ट्रीय कलासंपत्ती आहेत, ती वय काहीही असलं तरी बाहेर जात नाहीत. तुमचं चित्र छापील आहे, पण प्रेसच्या सुरुवातीच्या काळातलं निघालं तर त्यानं शंभरी ओलांडलेली असेल. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. तो हातात असल्याशिवाय बॅगेत टाकू नका, विमानतळावर जप्त होऊ शकते. माझा सल्ला असा की फ्रेम उघडलेली असेल त्याच आठवड्यात चित्राचं उत्तम प्रतीचं छायाचित्रण करून घ्या, तिरप्या उजेडात जरीचं आणि सरळ उजेडात रंगांचं, आणि त्याची कापसाच्या कागदावर छापलेली प्रत दिरांना पाठवा. सोबत आजोबांचं एक जलरंगचित्र द्या. ते शंभर वर्षांच्या आतलं असेल आणि तुमच्या मास्तरांच्या हातचं आहे. त्याच्या फ्रेममागच्या पुठ्ठ्यावर चित्र कुणाचं, कुठल्या गावाचं दृश्य आणि कुठल्या साली काढलं ते शिसपेन्सिलीनं लिहून द्या. शाईनं नको, ती पुढच्या पावसाळ्यात कागदात उतरते.